आत्या टॅक्सीतून उतरते

गाडी तपासणी केंद्रात त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याची पाठ पुरती वळायचीही कुणी वाट बघत नसे. शहरात नवी टॅक्सी आणायची तर ती आधी त्याच्या हाताखालून जायला हवी, आणि त्याचा हात म्हणजे मोजपट्टीच. पायरीची उंची, पट्ट्याची लांबी, सीट आणि छतामधलं अंतर, सगळं तो स्वतः वाकून मोजायचा आणि एक्केचाळीस मुद्द्यांच्या फॉर्मवर बारीक, सरळ अक्षरांत भरायचा. बावीस वर्षांत त्याच्या एकाही फॉर्मवर खाडाखोड नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि तो कुणाला दिसत नाही असा त्याचा समजही होता.

त्या आठवड्यात आलेली टॅक्सी विजेवर चालणारी होती. पांढरीशुभ्र, आवाज नाही, धूर नाही. तसल्या तीनशे गाड्या कंपनीच्या आवारात रांगेनं उभ्या होत्या आणि एक तारखेला रस्त्यावर आणायच्या असं वर कुठंतरी ठरूनही गेलं होतं. उरला होता तो मिलिमीटरचा फॉर्म.

त्यात सत्ताविसावा मुद्दा अडला. 'सत्तर वर्षांवरील प्रवाशास कोणाच्याही मदतीशिवाय गाडीत बसता व गाडीतून उतरता येणे. प्रत्येकी कमाल वेळ वीस सेकंद.' या कामासाठी केंद्रात एक निवृत्त पोस्टमन यायचे. बसायचे, उतरायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. पण ते मुलीकडे गेले होते आणि महिनाभर तरी परतणार नव्हते.

"मग आपल्या आत्या आहेत की," सकाळी बायको म्हणाली. "चौऱ्याहत्तर पूर्ण. गुडघाही दुखतो. तुम्हाला हवा तसाच नमुना."

"आत्या नको."

"का बरं?"

का ते मिलिमीटरला सांगता येईना, कारण आत्या समोरच बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. एकतीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात काढली, त्यातली शेवटची अकरा सगळ्या ऑपरेटर बायकांची मुख्य म्हणून. त्या नोकरीनं तिला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, भिंतीपलीकडे जाणारा आवाज. दुसरी, अधू झालेला कान. कान नेमका कोणता अधू, हे ती प्रसंग पाहून ठरवते, अशी घरातल्यांना शंका होती.

"मी येते," आत्या कोड्यातून मान वर न काढता म्हणाली. "काय करायचं ते वाटेत सांग."

केंद्राच्या शेडमध्ये कंपनीचा माणूस आधीच हजर होता. केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणंही तसंच. शेडमधली मेकॅनिक, जिच्या खिशात कायम पान्हा असे आणि जिला म्हणूनच सगळे 'पान्हेवाली' म्हणत, तिनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'गुळगुळीत साहेब' ठेवून टाकलं होतं.

"या आजी, या!" गुळगुळीत साहेब दोन्ही हात पसरून पुढे आला.

"आजी कुणाची?" आत्या म्हणाली. "तुमच्या आजीला मी एखादा फोन जोडून दिला असेल फार तर. तेवढ्यावर नातं सांगू नका."

पान्हेवालीनं घाईघाईनं बॉनेटमध्ये डोकं घातलं. तिचे खांदे हलताना मात्र दिसत होते.

मिलिमीटरनं स्टॉपवॉच काढलं. "आत्या, मी सांगितलं की मागचं दार उघडून बसायचं. कुणाचा हात धरायचा नाही. हं, बस."

आत्या बसली. आठ सेकंद. त्यानं आकडा लिहिला, घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं, स्वतःच दार लावलं आणि म्हणाला, "आता उतर." घड्याळ सुरू केलं.

आत्यानं हातातली पिशवी शेजारी ठेवली आणि पाठ टेकली. कोपऱ्यातली बोटभर उघडी काच तिला पुरेशी होती.

"थांब रे छोट्या, आत्ता तर टेकलेय. आपल्या घरच्या खुर्चीपेक्षा ही सीट बरी आहे."

छोट्या म्हणजे सहा फूट उंच, वय त्रेपन्न. त्याचे कान लाल झाले.

"आत्या, हे ऑफिसचं काम आहे."

"मग मी कुठं घरचं म्हणते? याला ना," आत्यानं आतूनच पान्हेवालीकडे मोर्चा वळवला, "लहानपणी झोपाळ्यावर बसवायचं म्हणजे आधी दोरी ओढून दाखवावी लागायची. तीनदा. तिसऱ्यांदाही रडायचाच."

आता आणखी काय काय बाहेर पडेल, या विचारानं मिलिमीटर उगाच फॉर्मची पानं चाळू लागला. नेमका तेव्हाच गुळगुळीत साहेबानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सर, बाईंना बसू द्या निवांत. तोवर तेहेतिसावा उरकून घेऊ. दोन मिनिटांचं तर काम."

तेहेतिसावा मुद्दा असा, की धडक बसताच गाडीतला वीजपुरवठा तीन सेकंदांच्या आत आपोआप तुटला पाहिजे, म्हणजे आग लागायला नको की शॉक बसायला नको. आजवर मिलिमीटरनं सत्तावीस अर्धा सोडून तेहेतिसाला हात घातला नव्हता. पण झोपाळ्याच्या गोष्टीनंतर आत्याकडे फुग्याची गोष्ट तयार असते, हे त्याला ठाऊक होतं.

"करा," तो म्हणाला.

पान्हेवालीनं बॉनेटखाली चाचणीचं यंत्र लावलं आणि कळ दाबली. गाडीला वाटलं, धडक बसली. पुढचा पडदा काळा झाला, पंख्याची घरघर थांबली, कोपऱ्यातली काच सुरक्षेसाठी आपोआप वर सरकली आणि चारी दारांच्या बाहेरच्या मुठी अलगद आत जाऊन दाराशी सपाट झाल्या.

"पावणेदोन सेकंद!" गुळगुळीत साहेब म्हणाला. "बघा सर."

मिलिमीटरनं लिहून घेतलं. मग काचेवर टकटक केलं. "चल आत्या, उतर आता."

आत्यानं दारावरचं बटण दाबलं. काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग एक्स्चेंजमध्ये न लागणाऱ्या फोनवर देतात तसा एक ठोसा दिला. मग हात झटकून बाहेर पाहिलं.

मिलिमीटरनं बाहेरून मूठ धरायला हात नेला. धरायला काही नव्हतंच. नखं घालून पाहिली, नखंच वाकली. पलीकडचं दार, पुढची दोन्ही दारं, सगळीकडे तीच गत.

"काळजीचं कारण नाही," गुळगुळीत साहेब हसत म्हणाला. "अशा वेळी हातानं दार उघडायची सोय आहे. दारातल्या कप्प्याच्या तळाशी एक रबर आहे, ते उचललं की खाली एक तार आहे, ती ओढायची. पुस्तिकेत सगळं चित्रासकट दिलंय."

"पुस्तिका कुठंय?"

"गाडीतच. पुढच्या कप्प्यात."

"आत्या मागे बसलीय. मध्ये तुमची काचेची भिंत आहे."

"हो, चालकाच्या सुरक्षेसाठी. मुद्दा चौदा," गुळगुळीत साहेब सवयीनं बोलून गेला, आणि मग त्याचा चेहरा थोडा उतरला.

पान्हेवालीनं तोवर तारा परत जोडल्या होत्या, पण गाडी काही जागी होईना. एकदा धडक बसली अशी खूणगाठ मनाशी बांधल्यावर ती कंपनीच्या मुख्य कचेरीतून हुकूम आल्याशिवाय उठणार नव्हती. गुळगुळीत साहेबानं कचेरीला फोन लावला. तिथला जो एकुलता एक इंजिनिअर हे करू शकत होता, तो जेवायला गेला होता.

मग सुरू झाली खाणाखुणांची कसरत. गुळगुळीत साहेब काचेसमोर उकिडवा बसला, हातानं काल्पनिक रबर उचललं, काल्पनिक तार ओढली, पुन्हा उचललं, पुन्हा ओढली.

"रबर! खालचं रबर उचला!" मिलिमीटर काचेला तोंड लावून ओरडला.

आत्यानं कानामागे हात धरला. मग पिशवीतून शब्दकोड्याचं कोरं रबर काढून दाखवलं. हेच का?

"ते नाही! दारातलं!"

आत्यानं नकारार्थी मान हलवली. ऐकू येत नव्हतं. तिनं पेपर काढला, घडी घातली, पेन्सिल हातात घेतली आणि कोडं सोडवायला लागली. जरा वेळानं पेपर काचेला लावून तिनं पेन्सिलीनं एका ओळीवर खूण केली. 'उभे बारा. आपलेच खरे करणारा. चार अक्षरे.'

पान्हेवाली वाकून वाचत म्हणाली, "दुराग्रही."

नुसतं म्हणाली, ओरडलीही नाही. आत्यानं लगेच मान डोलावली आणि लिहून टाकलं.

"आता ऐकू आलं!" मिलिमीटरनं कपाळावर हात मारला.

पंधरा मिनिटं झाली. शेडमध्ये सावली होती, आत्या आरामात होती, तिला धाप लागली नव्हती की घाम आला नव्हता. घाम आला होता मिलिमीटरला. शर्ट पाठीला चिकटला होता. शेडऐवजी हा रस्ता असता तर? गाडी एका कुशीवर पडलेली असती, आत धूर भरलेला असता, आणि आत कुणीतरी असं असतं ज्यानं ही गाडी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलीय? त्यानं हातातल्या फॉर्मचं पान उलटलं. मुद्दा एकोणीस. 'दार आतून उघडण्याची सोय: आहे / नाही.' सकाळी दहा वाजता त्यानं 'आहे'वर गोल केला होता. छान, रेखीव गोल. सोय होतीच की. रबराखाली.

पान्हेवालीनं भिंतीवरचा हातोडा काढून आणला. गुळगुळीत साहेब मध्ये आला. "अहो, काय करताय! दोन थरांची काच आहे. इंजिनिअर येईलच एवढ्यात."

आतून आत्यानंही बोट हलवून नको म्हटलं आणि मांडीवरच्या नव्या शालीकडे दाखवलं.

"सर," पान्हेवाली मिलिमीटरला म्हणाली, "तुम्ही सांगा. मी यांचं ऐकत नाही."

गाडी कंपनीची, तपासणी सरकारी, काच फोडायची परवानगी कोणत्याच मुद्द्यात नाही. अजून पाच मिनिटं बघू, असं म्हणून त्यानं पंधरा मिनिटं बघितलं. कंपनीचा इंजिनिअर जेवून हात धुतोय असा निरोप आला. मग तो निघालाय असा. मग तो जिन्यात कुणाशी तरी बोलत उभा आहे असा.

"फोड," मिलिमीटर म्हणाला. "मागची पलीकडची फोड, तिच्यापासून लांबची. आत्या! तोंड झाक! शाल घे तोंडावर!"

नेमकी त्याच वेळी आत्याच्या हातातून पेन्सिल निसटली आणि दाराच्या कप्प्यात पडली. ती काढायला तिनं हात घातला, तर पेन्सिल रबराच्या कडेखाली शिरलेली. आत्यानं रबर उपटलं. खाली काहीतरी बोटाला लागलं, ते तिनं ओढलं.

खट्. दार उघडलं.

"ही कसली तार रे?" आत्या एक पाय बाहेर टाकत म्हणाली. "आणि असल्या ठिकाणी कोण ठेवतं? शत्रूपासून लपवायची होती का?"

पान्हेवालीच्या हातातला हातोडा हवेतच राहिला. मिलिमीटर पुढे धावला, पण हात देता देता थांबला. मदतीशिवाय उतरायला हवं होतं. आत्या दाराची कड धरून, गुडघ्याला दोन शब्द सुनावून, सरळ उभी राहिली. तेव्हा कुठं मिलिमीटरच्या लक्षात आलं, की हातातलं घड्याळ अजून चालूच आहे. त्यानं ते थांबवलं.

अडतीस मिनिटं, बारा सेकंद.

सत्ताविसाव्या मुद्द्यासमोर, 'उतरण्यास लागलेला वेळ' या ओळीवर, त्यानं तो आकडा बारीक, सरळ अक्षरांत लिहिला.

"सर, सर," गुळगुळीत साहेबाचा गुळगुळीतपणा पहिल्यांदाच खरखरीत झाला, "हे कसं चालेल? त्या मुळी उतरतच नव्हत्या! आणि मध्ये आपण वीज तोडली. ही दोन वेगळी कामं आहेत."

"बरोबर. एकत्र केली ती माझी चूक. तसंही लिहितो."

"आणि त्यांना मदत झाली ना! मी एवढा सांगत होतो!"

"तू सांगत होतास?" आत्या म्हणाली. "मला वाटलं नाचतोयस."

प्रकरण केंद्राच्या मुख्य बाईंपर्यंत गेलं. त्या चष्मा कपाळावर चढवून शेडमध्ये आल्या, कारण त्यांनाही वरून रोज फोन येत होते आणि एक तारीख त्यांच्याही डोक्यावर बसली होती. त्यांनी फॉर्म वाचला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गुळगुळीत साहेबाला विचारलं, "अवघड नाही म्हणता ना दार उघडणं?"

"अजिबात नाही मॅडम. माहीत असलं की चुटकीसरशी."

"तुम्हाला माहीत आहे. बसा. डोळे मिटा."

एव्हाना इंजिनिअर जिन्यातून जागेवर पोचला होता आणि गाडी उठली होती. गुळगुळीत साहेब मागे बसला, पान्हेवालीनं आपला स्वच्छ रुमाल, म्हणजे तिच्याकडे असलेल्यांपैकी सगळ्यांत स्वच्छ, त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि वीज पुन्हा तोडली. गुळगुळीत साहेबानं आत्मविश्वासानं कप्प्यात हात घातला. रबर निघेना. निघालं ते तुकडा तुटून. मग त्याला वाटलं आपण चुकीच्या दाराशी आहोत, म्हणून तो सरकत पलीकडे गेला, आणि तिथला कप्पा उलट्या बाजूला होता. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा त्याचे केस चारी दिशांना उभे होते आणि घड्याळात दोन मिनिटं पाच सेकंद झाले होते.

"आणि शेडमध्ये कुठंही धूर नाही," मुख्य बाई म्हणाल्या. "एक तारीख पुढे गेली असं मी कळवते."

मिलिमीटरनं फॉर्म टेबलावर ठेवला. एकोणिसाव्या मुद्द्यातल्या त्या रेखीव गोलावर त्यानं आडवी रेघ मारली, 'नाही'वर गोल केला आणि बाजूला सही केली. रेघ जरा वाकडी आली. त्यानं ती तशीच ठेवली.

घरात पाऊल टाकल्यावर तो म्हणाला, "आत्या, मी काच आधीच फोडायला हवी होती."

"हवी होतीस," आत्या म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून जरा नरमली. "पहिली दहा मिनिटं मला मजा वाटली. पुढची दहा तुझी फजिती बघण्यात गेली. त्यानंतर मात्र कोड्यातलं एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. नुसती पेन्सिल धरून बसले होते. तुला दिसू नये म्हणून."

तिच्यासाठी चहा टाकायला तो स्वतः उठला, आणि त्या घरात ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हती.

त्याच आठवड्यात त्यानं फॉर्मसाठी बेचाळिसावा मुद्दा लिहायला घेतला. अकरा ओळी झाल्या, त्यात तारेची जाडी आणि ओढण्याचा कोनसुद्धा होता. आत्यानं भिंग लावून सगळं वाचलं, पेन्सिलीनं काट मारली आणि खाली एवढंच लिहिलं: 'गाडी पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाला, डोळे मिटून, वीज नसताना, दहा सेकंदांत दार आतून उघडता आले पाहिजे.' मुख्य बाईंनी पुढे पाठवलं ते आत्याचंच. सव्वा महिन्यानं कंपनीनं तीनशेही गाड्यांच्या दारांवर लालभडक पट्टा बसवून आणला आणि मगच त्या रस्त्यावर आल्या.

पण मधल्या रविवारी मिलिमीटरला घरी चैन पडेना. बावीस वर्षांत 'आहे'वर गोल केलेल्या कितीतरी गाड्या शहरात धावत होत्या, आणि त्यातल्या अलीकडच्या काहींची दारंही विजेच्या बटणावरच उघडायची. शेवटी तो उठला आणि चौकातल्या टॅक्सी स्टँडवर गेला. पहिल्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसला, चालकाला म्हणाला "गाडी बंद करा, कुठं जायचं नाही", आणि डोळे मिटून दार चाचपायला लागला.

"साहेब, बरं वाटतंय ना?" चालकानं विचारलं.

मिलिमीटरनं सगळं सांगितलं. चालक मिशीतल्या मिशीत हसला, स्वतः मागे येऊन बसला आणि त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्याच्या बोटांना तार लागली आणि त्याचं हसू गेलं. "तीन वर्षं चालवतोय," तो म्हणाला. "मला वाटायचं, इथं खाली नुसता खिळा आहे."

त्या दिवशी मिलिमीटरनं अकरा गाड्या पाहिल्या. चार नापास. त्यानं कंपन्यांना पत्रं लिहिली, प्रती मुख्य बाईंना दिल्या, आणि पुढच्या रविवारी उरलेल्या गाड्यांसाठी पुन्हा स्टँडवर गेला.

तिथं मिशीवाला चालक त्याची वाटच बघत होता. त्यानं मागचं दार उघडून दाखवलं. लपलेल्या तारेला त्यानं मुलीच्या केसांची पिवळी रिबिन बांधली होती, चांगली वीतभर लोंबणारी. शेजारच्या गाडीत बुटाची नाडी होती. त्याच्या पुढच्या गाडीत किल्लीला लावायचा लोकरीचा गोंडा, आणि सगळ्यांत शेवटी एकानं चक्क टायचा निळा तुकडा कापून बांधला होता. चालक आपापल्या गाडीपाशी उभे राहून मिलिमीटर काय म्हणतो ते बघत होते.

गाडीत परवानगीशिवाय केलेला कोणताही बदल हा नियमभंग. त्याचा वेगळा, हिरवा फॉर्म असतो, आणि तो मिलिमीटरच्या बॅगेत नेहमी असे. चार गाड्या, चार रंग, चार लांब्या. एकाचंही माप दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

मिलिमीटरनं बॅग खाली ठेवली, पहिल्या गाडीत वाकला आणि पिवळी रिबिन दोनदा ओढून पाहिली.

"गाठ ढिली आहे," तो म्हणाला. "थांबा, मी बांधून देतो."